पिवळे पडलेले फ्लास्क

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखं काही मोठं घडलेलं असावं लागतं, आणि माझ्याजवळ आहे ते फार लहान आहे. प्रयोगशाळेतल्या चपट्या बाटल्यांमधलं गुलाबी पाणी पिवळं पडलं, एवढंच. त्यात मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. विज्ञानावर लिहावं इतकं विज्ञान मला येत नाही, आणि घराविषयी लिहिलं तर घरातलं कुणी ते वाचणार नाही. तरी लिहितो आहे, कारण ते सगळं चालू होतं तेव्हा बोलायला कुणी नव्हतं, आणि न बोललेलं अजून तसंच आत आहे. काही चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

मी परभणीला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं गाव जिंतूरच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत. घरी मेंढ्या आहेत, थोड्या शेळ्या आहेत. आबा, म्हणजे माझे वडील, वर्षातले बरेच महिने कळप घेऊन रानोरान असतात; ज्याच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायच्या त्याच्या शेतात मुक्काम. माय घरी असते. परभणीत वसमत रोडला गच्चीवरची एक खोली मी घेतली होती. आधी आम्ही तिघं होतो. दोघं स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी पुण्याला गेले आणि त्यांच्या गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या राहिल्या. संध्याकाळी खोलीवर आलो की त्या गाद्यांकडं पाहत डबा खायचा, असं चालू होतं.

प्रकल्प मिळाला तो मेंदूतल्या आधार पेशींवर. मेंदू म्हटलं की सगळ्यांना चेतापेशी आठवतात, निरोप इकडून तिकडं नेणाऱ्या. पण त्यांच्या आजूबाजूला दुसऱ्या पेशी असतात, त्या निरोपबिरोप नेत नाहीत. रक्तातून साखर घेऊन चेतापेशींना पुरवायची, त्यांनी टाकलेलं उचलायचं, त्यांना धरून ठेवायचं, ही त्यांची कामं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या काही चांदणीसारख्या दिसतात, म्हणून त्यांना तारकापेशी म्हणतात. मला करायचं होतं ते असं: या पेशी बाटल्यांत वाढवायच्या (अशा वाढवलेल्या पेशींना कल्चर म्हणतात), त्यांना ऊर्जा तयार करण्याचं काम बंद पाडणारं रसायन द्यायचं, आणि त्या किती तग धरतात ते पाहायचं. अशा रसायनांना इनहिबिटर म्हणतात. साध्या भाषेत विषच.

हे मी फोनवर आबांना सांगायचा प्रयत्न केला होता.

"मेंदूतल्या पेशी," मी म्हणालो.

"कुणाच्या मेंदूतल्या?"

"उंदराच्या."

मागं मेंढ्यांचा आवाज येत होता. आबा म्हणाले, "उंदराला इख देयला कालेजात कशाला जावं लागतंय रे? दुकानात भेटतंय की."

मी हसलो. तेही हसले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, आता पुन्हा समजावून सांगायला नको. त्यानंतर ते विचारायचे, "चाललंय का नीट?" आणि मी म्हणायचो, "चाललंय." माय एवढंच विचारायची की जेवलास का.

प्रयोगशाळेत आम्ही मोजके लोक. मॅडम आमच्या मार्गदर्शक. त्यांच्याकडं पीएच.डी. करणारा एक सीनिअर होता, त्याला आम्ही दादा म्हणायचो. तो पूर्णेचा, वडील रेल्वेत. स्वभावानं वाईट नव्हता. मला पेशी हाताळायला त्यानंच शिकवलं, आणि चिडवायचाही तोच.

"काय मेंढके, कळप कसा हाय आज?" मी इनक्युबेटरचं, म्हणजे पेशी ठेवायच्या उबदार कपाटाचं, दार उघडलं की तो विचारायचा.

"बरा हाय, दादा."

"एखादी लंगडी-बिंगडी न्हाई ना?"

मला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्याशी होणारं बोलणं बहुतेक तेवढंच असायचं. रविवारीही मी जायचो, कारण पेशींना सुट्टी नसते. दोन दिवसांनी त्यांचं पाणी बदलावं लागतं. त्याला मीडियम म्हणतात. त्यात साखर असते, क्षार असतात आणि एक रंग असतो. सगळं ठीक असेल तर तो रंग गुलाबी दिसतो. आम्ल वाढलं की पिवळा होतो.

पहिल्यांदा मी इनहिबिटर घातलं तेव्हा दुसऱ्या दिवशी फ्लास्क पिवळे पडलेले होते. दादाच्या आधीच्या प्रयोगांत तसं झालं नव्हतं. त्याच्याकडं मीडियम गुलाबीच राहायचं आणि पेशी मरून तळ सोडून वर तरंगायच्या. दादानं फ्लास्क उजेडाला धरला.

"सडलं," तो म्हणाला. "जंतू शिरलाय. फेक."

मी फेकलं. पुन्हा केलं. पुन्हा पिवळं. या वेळी मी जरा धीर करून म्हणालो, "दादा, पाणी गढूळ न्हाई. निवळ हाय. आणि पेशी चिकटलेल्या दिसायलेत."

"मेल्या तरी चिकटून राहतात कधीकधी," तो म्हणाला. "हात धुतले होतेस का?"

"धुतले."

"स्पिरिट?"

"लावलं होतं."

तिसऱ्यांदा पिवळं झालं तेव्हा त्यानं त्यातला थेंब साध्या जंतूंसाठीच्या बशीवर लावून पाहिला. बशीवर काही उगवलं नाही. मला वाटलं आता तरी तो मानेल. पण त्यानं खुर्ची ओढून मला समोर बसवलं आणि नीट, आवाज न चढवता सांगितलं. एक जंतू असतो, मायकोप्लाझ्मा. इतका बारीक की आपल्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही आणि साध्या बशीवर उगवत नाही. पेशींच्या अंगाला लागून राहतो, त्यांचं खातो, मीडियम बिघडवतो. प्रयोगशाळेच्या प्रयोगशाळा त्यानं बंद पाडल्या आहेत.

"आणि वाईट वाटून घेऊ नको," तो म्हणाला, "पण त्याच्या काही जाती शेळ्यामेंढ्यांतच असतात. तू दर आठवड्याला गावाकडं जातोस. तिथं त्यांच्यात वावरतोस. दुसऱ्या दिवशी इथं येतोस."

मी खोलीवर जाऊन कपडे पाहिले. घरून आणलेल्या स्वेटरला लोकरीचे दोन-चार धागे चिकटलेले होते. ते मी एकेक करून काढले. आमच्या घरात कुणाला या वासाची जाणीव नसते. मलाही परभणीला येईपर्यंत नव्हती. त्या संध्याकाळी मी तो स्वेटर नाकाला लावून पुन्हा पुन्हा हुंगला, आणि मला वास येत होता की नव्हता हेही कळेनासं झालं.

मी गावी जाणं थांबवलं.

मायला सांगितलं काम आहे. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ती म्हणाली, "आरं पण एक दिस तरी ये. भाकरी बांधून देते." मी म्हणालो, जमलं तर बघतो. जिंतूरहून येणाऱ्या गावातल्या एका माणसाजवळ तिनं डबा पाठवला तर तो मी बसस्थानकावर घेतला, खोलीवर नेला, खाल्ला, आणि डबा धुऊन वेगळ्या पिशवीत बांधून ठेवला. प्रयोगशाळेत जायच्या आधी दोनदा अंघोळ करायचो. स्पिरिटनं बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. थंडीत त्या चुरचुरायच्या. मॅडमनी एकदा पाहून विचारलं तर मी साबणाचं कारण सांगितलं.

माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती, आणि ती मी कुणाला बोललो नव्हतो. तो पिवळा रंग पेशींचं काम असेल तर ठीक. पण माझ्यासोबत आलेल्या जंतूचं असेल, तर मग घर आणि ही प्रयोगशाळा या दोन्ही जागी मला राहता येणार नव्हतं. एक निवडावी लागणार होती. आणि कोणती निवडायची हे माझ्या तेव्हाच्या वागण्यावरून दिसतच होतं, याची मला जास्त भीती वाटत होती.

चौथ्या खेपेला मी इनहिबिटर घालायची तयारी करत होतो तेव्हा मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्यांना वेळ नसायचा. मी जुनं मीडियम काढलं आणि ताजं घालू लागलो.

"हे काय करतोस?"

"मीडियम बदलतोय, मॅडम."

"आत्ता? इनहिबिटर लगेचच घालणार आहेस ना?"

"हो. त्याच्या आधी."

"आपल्या पद्धतीत असं कुठं आहे?"

मी आठवून पाहिलं. पद्धतीत असं होतं की आदल्या दिवशीपासून मीडियम बदलायचं नाही, आणि मग जेमतेम साखर असलेल्या पाण्यात इनहिबिटर द्यायचं. मला ते पाठ होतं. तरी हात ताज्या मीडियमच्या बाटलीकडंच गेला होता.

"नाही, मॅडम. पद्धतीत नाही."

"मग कशासाठी बदलतोस?"

"उपाशी होत्या म्हणून," मी म्हणालो.

त्या बाजूच्या स्टुलावर बसल्या. "दर वेळी असंच केलंस?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तिथं उभं राहून मला कळलं की हे कुठून आलं. आमच्याकडं ज्वारी काढल्यावर रानात धसकटं उरतात. त्यांना ओल मिळाली की बुडातून हिरवे फुटवे येतात. ते इतके लुसलुशीत असतात की मेंढरू बघताक्षणी तिकडं धावतं. पण त्यात विष असतं. भुकेलं मेंढरू त्यात शिरलं तर धापा टाकत आडवं होतं, आणि पुष्कळदा उठत नाही. आम्ही म्हणतो, किराळ लागली. म्हणून अशा रानाच्या बाजूनं कळप न्यायचा असेल तर आधी सगळ्यांना कडबा घालायचा, पोटं भरायची, मग हलायचं. रिकाम्या पोटी विषाजवळ कुणाला न्यायचं नाही. हा आमच्याकडं नियम म्हणूनही कुणी सांगत नाही. सगळे तसं करतात, झालं. मीही तेच करत होतो. प्रयोगात लिहून ठेवण्यासारखं काही करतोय, असं मला वाटलंच नव्हतं.

हे सगळं मी मॅडमना तुटक तुटक सांगितलं. त्या रागावतील असं वाटत होतं.

त्या म्हणाल्या, "अरे, उपाशी ठेवणं हाच तर प्रयोग आहे." आणि मग, थोड्या वेळानं, "ज्वारीच्या फुटव्यातलं विष कुठलं, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. ते विष पेशीत ज्या ठिकाणी जाऊन बसतं, नेमक्या त्याच ठिकाणी आमचं इनहिबिटरही बसतं. शाळेत मी त्या जागेला तंतुकणिका म्हणून शिकलो होतो. इथं सगळे मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. प्राणवायू वापरून साखरेतली ऊर्जा पुरेपूर काढणारी ती पेशीतली मोठी चूल. विष ती चूल बंद पाडतं.

"पण पेशीजवळ एक छोटी शेगडीही असते," मॅडम म्हणाल्या. "तिला प्राणवायू लागत नाही. थोडीच ऊर्जा देते, साखर मात्र भसाभसा खाते, आणि मागं लॅक्टेट नावाचं आम्ल सोडते. चेतापेशीचं शेगडीवर भागत नाही, ती मरते. तुझ्या या आधार पेशी भागवू शकतात. साखर हाताशी असेल तर."

"मग पिवळं झालं ते..."

"ते आम्ल असू शकेल. त्यांनीच सोडलेलं."

मी विचारलं, "असू शकेल म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे मायकोप्लाझ्माही असू शकेल," त्या म्हणाल्या. "मला वाटतं नसेल. पण मला वाटून काय उपयोग?"

इथं एक सांगायला हवं. मेंढरांना कडबा घालतात त्याचं कारण वेगळं, आणि पेशींना साखर मिळाली की काय होतं ते वेगळं. पोट भरलेलं मेंढरू फुटवे कमी खातं, विष हळू भिनतं. आबांच्या रीतीत पेशींचं शास्त्र दडलेलं होतं असं मला म्हणायचं नाही. मी एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी चुकून नेली, एवढंच झालं होतं.

ती चौथी खेप तिथंच सोडून, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी पुढचा प्रयोग पद्धतीनं केला. पेशींना उपाशी ठेवलं. हात थांबवणं जड गेलं. दुसऱ्या दिवशी मीडियम गुलाबी होतं आणि पेशी तळ सोडून तरंगत होत्या. निळा रंग घातला तर जवळजवळ सगळ्यांनी तो आत घेतला. मेलेल्या पेशीच तो रंग आत घेतात.

दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ. गावाकडं जायचं बंद केलंस आणि लगेच साफ आलं."

त्यात काही टोमणा नव्हता. त्याला खरंच आनंद झाला होता. मी म्हणालो, "हो, दादा." पण मी दोन गोष्टी एकदमच बदलल्या होत्या, घरी जाणंही आणि खाऊ घालणंही. कशानं फरक पडला ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पुन्हा एकदा, घरी न जाता, खाऊ घालून पाहावं असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात व्होल्टेज वरखाली होऊन इनक्युबेटर जळाला. दुरुस्तीवाला संभाजीनगरहून यायचा होता, तो आला नाही. पेशी गेल्या. नव्या आणायला त्या वर्षी परवानगी मिळाली नाही.

उरलं होतं ते तिसऱ्या खेपेचं पिवळं मीडियम आणि त्यातल्याच थोड्या पेशी. दादानं फेक म्हटलं होतं, पण मी फेकलं नव्हतं. छोट्या नळ्यांत भरून डीप फ्रीजरच्या तळाशी ठेवून दिलं होतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं केलंस." त्यांच्या भाचीचं लग्न हैदराबादला होतं, आणि त्यांची एक वर्गमैत्रीण तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत काम करते. मायकोप्लाझ्माची तपासणी आणि आम्लाची मोजणी दोन्ही तिच्याकडं होतं. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरून आम्ही नळ्या बसवल्या. मॅडम रेल्वेत चढताना एका हातात आहेराची पिशवी आणि दुसऱ्या हातात तो डबा होता. "पेढे समजून कुणी उघडला नाही म्हणजे मिळवली," त्या म्हणाल्या.

मग काही आलं नाही. तिकडची प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलत होती. मग यंत्राचा एक भाग बाहेरून यायचा होता. मग त्या बाई सुट्टीवर गेल्या. मी मॅडमना विचारायचं बंद केलं, कारण मी दारात दिसलो की त्याच आधी मान हलवून नाही म्हणायच्या.

हिवाळा तसाच गेला. वर्गातली मुलं नोकरीचे अर्ज भरत होती, मी प्रकल्प लिहीत होतो. जिथं पिवळ्या फ्लास्कचा उल्लेख यायला हवा तिथं काय लिहावं ते कळत नव्हतं. दुपारी प्रयोगशाळेत कुणी नसे. जळालेल्या इनक्युबेटरचं दार मी सवयीनं उघडायचो आणि रिकाम्या फळ्या पाहून बंद करायचो. एवढे दिवस ज्यांची काळजी घेतली त्या पेशी आता नव्हत्या, आणि त्यांच्याबद्दल विचारणारंही कुणी नव्हतं. दादाही मेंढके म्हणत नसे. कळप राहिला नव्हता.

संक्रांतीला मायचा फोन आला.

"सणाला बी न्हाई का?"

"परीक्षा जवळ आली, माय."

"तुझा बाप इचारायलाय. म्हनं पोरगं रुसलंय का काय."

"न्हाई गं. रुसायला काय झालं."

"मग ये की. तोंड दावून जा. तुला काय बांधून ठेवायलेत का आमी?"

मी म्हणालो, येईन. त्या वेळी प्रयोगशाळेत पेशी नव्हत्या, इनक्युबेटर नव्हता, मी कुठूनही काहीही घेऊन आलो असतो तरी बिघडण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. तरीही गेलो नाही. निकाल आल्याशिवाय घरी जावं आणि मायच्या हातचं खाताना ते हात कसे आहेत असा विचार मनात यावा, हे मला नको होतं.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा एका सकाळी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. दादाही तिथं होता. टेबलावर त्यांचा फोन होता.

"हैदराबादहून मैत्रिणीचा आवाजातला निरोप आलाय," मॅडम म्हणाल्या. "मी अर्धाच ऐकला. म्हटलं तू येऊ दे."

त्यांनी बोट लावलं. एका बाईंचा घाईतला आवाज आला, मागं कुठलंतरी यंत्र घरघरत होतं. उशीर झाला त्याबद्दल त्यांनी आधी माफी मागितली. मग म्हणाल्या, "कल्चर स्वच्छ आहे. मायकोप्लाझ्मा नाही, दोनदा पाहिलं. लॅक्टेट मात्र भरपूर आहे, म्हणजे पेशी इनहिबिटर असताना साखर जाळत बसल्या होत्या. मुलाला सांग, त्याला दिसलं ते खरं आहे. पण हेही सांग की ते नवं नाही. तारकापेशी असं करतात हे बऱ्याच आधी लोकांनी दाखवलंय, तेव्हा त्याच्यावर पेपरबिपर होणार नाही. चल, ठेवते."

दादानं माझ्याकडं पाहिलं. "चुकलं राव माझं," तो हळू म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, "नवं नाही म्हणाली म्हणून नाराज होऊ नकोस. ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं, मॅडम," मी म्हणालो. "पहिलं वाक्य फक्त पुन्हा लावता का?"

त्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. माफीचं बोलणं पुन्हा ऐकावं लागलं, यंत्राची घरघर ऐकावी लागली, आणि मग त्या बाई म्हणाल्या, कल्चर स्वच्छ आहे.